ड्राय कार्बन, वेट कार्बन आणि गॅरेजमधलं 'फायबर'

आपल्याकडे गॅरेजमध्ये 'फायबर' या शब्दात काहीही बसतं. स्कूटरचं प्लॅस्टिकचं मडगार्ड फायबर, ट्रॅव्हल्सच्या बसचं पुढचं तोंड फायबर, कारचा साधा बंपरही फायबरच. त्यामुळे कुणी येऊन 'कार्बन फायबर करायचंय' म्हणालं की समोरच्याला आधी अंदाज घ्यावा लागतो, याला वजन कमी करायचंय की ती काळी तिरकी वीण दिसायला हवीये. गाड्यांमध्ये हे मटेरियल आल्यापासून या दोन मागण्या एकमेकींत अडकल्यात.

सुरुवातीचं थोडक्यात. १९६०च्या दशकात जपान आणि ब्रिटनमधल्या सरकारी लॅबमध्ये कार्बनचा धागा बनवायची रीत बसली, १९७० मध्ये एका ब्रिटिश जेट इंजिनाच्या पंख्याची कार्बनची पाती पक्षी आदळण्याच्या चाचणीत फेल गेली आणि टायटॅनियम वापरावं लागलं. पुढे जपानमध्ये धागा व्यापारी प्रमाणात निघायला लागला तेव्हा पहिलं गिऱ्हाईक कोण, तर मासे पकडायच्या काठ्या आणि गोल्फच्या दांड्या. गाड्यांचा नंबर खरा लागला १९८१ मध्ये, फॉर्म्युला वनमध्ये मॅकलारेनची एमपी४/१ ही गाडी आली तिचा ड्रायव्हर बसतो तो अख्खा टब कार्बनचा होता आणि तो बनवून घेतला होता अमेरिकेतल्या युटामध्ये, एका विमान-रॉकेटवाल्या कंपनीकडून. हे फुटून तुकडे होतील अशी कुजबुज तेव्हा होतीच, पण त्याच वर्षी इटलीतल्या मोंझाच्या ट्रॅकवर या गाडीचा अपघात झाला, इंजिन मागच्या भागासकट तुटून वेगळं झालं, आणि ड्रायव्हर स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आला. तिथून पुढे काही वर्षांत सगळ्याच टीम त्या वाटेला लागल्या.

रस्त्यावरच्या गाड्यांत १९८७ ची फेरारी एफ४० बघा. कार्बन, केव्हलर (दुसरा एक मजबूत कृत्रिम धागा) असं मिश्रण, आणि वजन वाचवायला रंग इतका पातळ मारलेला की उजेडात खालची वीण दिसते. तेव्हा ती वीण दिसणं हा रंग वाचवण्याचा परिणाम होता. नव्वदच्या दशकात जपानमध्ये ट्यूनिंगवाल्यांनी कार्बनची बोनेटं बसवायला सुरुवात केली तेव्हा मात्र ती मुद्दाम बिनरंगाची ठेवायची पद्धत पडली, बाकी गाडी पांढरी आणि बोनेट काळं. २००० मध्ये तर निसान स्कायलाइन जीटी-आरच्या व्ही-स्पेक टू या मॉडेलला कंपनीनेच कार्बन बोनेट दिलं.

याच काळात तो शब्दांचा घोळ रुळला ज्यावर लोक आजही रात्र रात्र भांडतात: ड्राय की वेट. वेट म्हणजे साच्यात कार्बनचं कापड अंथरायचं, ब्रशने नाहीतर रोलरने रेझिन-हार्डनर, म्हणजे धागे धरून ठेवणारं आणि नंतर कडक होणारं चिकट द्रव, पाजायचं आणि सुकू द्यायचं. ड्राय म्हणजे प्रीप्रेग, रेझिन आधीच मोजून मुरवलेलं कापड, जे उणे १८ डिग्रीच्या आसपास फ्रीझरमध्ये ठेवावं लागतं, मग साच्यात थरावर थर दाबून बसवायचे, व्हॅक्यूम बॅगेत घालायचं आणि ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे प्रेशर कुकरच्या थोरल्या भावात, दाबाखाली भाजायचं. फरक खरा आहे, हाताने केलेल्या पार्टमध्ये निम्म्याहून जास्त आकारमान रेझिनचंच असतं, चांगल्या प्रीप्रेगमध्ये धाग्याचं प्रमाण ५५-६० टक्क्यांपर्यंत जातं. पण नाव साफ चुकलंय. रेझिन दोन्हीत आहे, दोन्ही शेवटी कडकच होतात. वर कंपोझिटच्या धंद्यातल्या माणसाला विचारलंत तर 'ड्राय' म्हणजे रेझिन न लागलेलं कापड, आणि तयार पार्टवर ड्राय स्पॉट दिसला तर तो दोष, माल परत!

मग इन्फ्युजन कुठे बसवायचं? त्यात कापड कोरडंच अंथरतात, वरून बॅग सील करून पंपाने हवा ओढतात आणि त्या ओढीने रेझिन आत शिरतं. फ्रीझर नाही, ऑटोक्लेव्ह नाही, तरी जास्तीचं रेझिन फारसं राहत नाही आणि पार्ट हलका निघतो. काही जण याला वेट म्हणतात, काही जण मधलं काहीतरी, विकणारे बहुतेक वेळा ड्राय म्हणतात कारण ड्राय म्हटलं की किंमत चढते. माझ्या मते एकट्यादुकट्या कस्टम पार्टसाठी इन्फ्युजन पुरेसं आहे आणि ड्राय हा शब्द आता फक्त बिलासाठी उरलाय.

माझ्याकडे ड्राय म्हणून आलेलं आरशाचं एक कव्हर आहे. समोरून काचेसारखं चकचकीत. उलटं केलं की कडेला ग्लासमॅटचे, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या चटईचे, पांढरट केस दिसतात, त्यावर काळा स्प्रे, नखाने खरवडला की निघतो. म्हणजे वर कार्बनचा एक थर आणि खाली सगळं ग्लासफायबर. घरच्या वजनकाट्यावर ते ओरिजिनल प्लॅस्टिकच्या कव्हरपेक्षा जड भरलं. बाजारातल्या स्वस्त बोनेटांची कथाही बऱ्याचदा हीच असते.

चकाकीचंही तसंच. रेसचे पार्ट मॅट, जरा खडबडीत असतात, त्यावर बारीक टोचल्यासारखी भोकंही दिसतात. लोकांना हवी होती खोल काच, मग पारदर्शक क्लिअर कोटवर क्लिअर कोट आले, मध्ये वॉटर पेपरने घासणं, परत कोट, आणि हलकेपणातलं थोडं तिथेच गेलं. वरचा कोट साधा असेल तर खालचं इपॉक्सी रेझिन उन्हात पिवळं पडतं, ते वेगळंच.

इंटिरियरमध्ये स्किनिंग आलं, ओरिजिनल ट्रिमवरच एक थर चिकटवायचा, साचा बनवायची कटकट नाही. याने एक ग्रॅमही वाचत नाही, वाढतोच, पण सेंटर कन्सोलवर दिसतं छान आणि ते मान्य करायला लाज कशाला. एअरबॅगच्या झाकणावर मात्र असलं काही चढवू नये, ते ठरल्या जागी फाटायलाच हवं. आणि गंमत बघा, २०१३ मध्ये बीएमडब्ल्यूची आय३ आली तिचा प्रवासी बसतात तो पूर्ण सांगाडा कार्बनचा, पण बाहेरून साधी प्लॅस्टिकची पॅनलं, कार्बन दिसतो तो दार उघडल्यावर चौकटीत.

आपल्याकडे जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी न जुळणारे बदल चालणार नाहीत असं सांगितलं, त्याच वर्षीच्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीत बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. त्यानंतर माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांचा हात बोनेटवरून डॅशबोर्डकडे वळला. आता तर वीणही मागे पडतेय, २०१० मध्ये पॅरिसच्या शोमधल्या एका इटालियन गाडीने तुकडे दाबून बनवलेलं फोर्ज्ड कार्बन दाखवलं होतं, संगमरवरासारखं दिसणारं, त्याचंही स्टिकर आता रोलवर मिळतं.