रीळखात्यातल्या बायका : एका जुन्या कादंबरीमागचा इतिहास

फोर्टच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांत मिळालेल्या एका कादंबरीची नायिका गिरणीत रिळावर बसते. कोकणातून आलेली विधवा, पदरात तान्हं मूल. तिची चाळ, तिचं कर्ज, पहाटेचा भोंगा, सगळं जिवंत उतरलंय. शेवटच्या प्रकरणात तिचं काम सुटतं आणि ती परळला खानावळ घालते. हे तिचं नशीब म्हणून येतं. मला ते नशीब वाटत नाही.

कावसजी दावरांच्या ताडदेवच्या गिरणीतून १८५६ साली सूत निघू लागलं. पुढची काही दशकं मुंबईचं पुष्कळसं सूत चीनला जाई, आणि ते लडी करून पाठवावं लागे. रिळावर सुताच्या लडी भरणं हे बायकांचं काम, तेच रीळखातं. मजुरी जेवढं काम तेवढी, डोक्यावर नाईकीण, म्हणजे बायकांची मुकादम. कामावर घेणं-काढणं तिच्या हातात, म्हणून तिची मर्जी राखावी लागे. चीनची बाजारपेठ जपानने आणि पुढे तिथल्याच गिरण्यांनी घेतली, तसं रीळखातं ओसरत गेलं.

१८९१च्या कायद्याने बायकांचं काम दिवसाला अकरा तासांवर आणलं. पण घरी सांभाळायला कुणी नसलं की बाळाला अफूची गोळी चाटवून आई पाळीवर जाई. कादंबरीतला तो प्रसंग कल्पनेतला नाही. विसाव्या शतकाच्या विशीत तो मुंबईत सर्रास होता.

१९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक आलं. आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा, असं डॉ. आंबेडकरांनी तिथे मांडलं. १९२९चा कायदा झाला तो देशातला पहिला : बाळंतपणाआधी तीन आणि नंतर चार आठवडे, मुंबईत रोज आठ आणे. पैसे मात्र एकट्या मालकाने द्यायचे. आंबेडकरांचं म्हणणं किती दूरदृष्टीचं होतं ते पुढे दिसलं. बायकांना रात्रपाळीला बंदी होतीच, त्यात हा खर्च. यंत्रं बदलताना आधी बायकाच कमी झाल्या. कायदा आला त्या सुमारास गिरणीत पाच कामगारांत साधारण एक बाई असे, पुढे ते प्रमाण घसरत गेलं. उषाताई डांगे, पार्वतीबाई भोर यांनी बायकांना संपात उभं केलं, तरी ही घसरण थांबली नाही.

गिरणीतून सुटलेल्या कितीतरी जणी खानावळीकडे वळल्या. एकट्या राहणाऱ्या कामगारांना उधारीवर जेवू घालायचं, आणि किराण्यासाठी स्वतः सावकाराचं व्याज भरायचं. अशाच बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं.