मार्चमध्ये येणारे पाहुणे : कोकणातल्या प्रभाव मूल्यांकनाची पार्श्वभूमी

कोकणात सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी दिलेल्या, पैशातून झालेल्या कामाचा लोकांना काय उपयोग झाला याचं मूल्यांकन करायला माणसं बहुधा मार्चच्या आगेमागे येतात. कंपनीचं आर्थिक वर्ष ३१ तारखेला संपतं आणि त्याआधी अहवाल टेबलावर हवा असतो. इकडे फाल्गुनात शिमगा असतो, पालखी घरोघर फिरत असते. पालखी देवळात परतली की आंबा उतरवायची घाई सुरू. टॅब घेऊन दारात उभ्या राहिलेल्या मुलामुलींना कोकम सरबत मिळतं आणि उत्तरंही मिळतात. फक्त ती पाहुण्यांना लवकर मोकळं करण्यासाठी दिलेली असतात. मध्ये अवघडून उभा असतो तो त्या पैशातून काम केलेल्या स्थानिक संस्थेचा कार्यकर्ता.

हे अवघडलेपण आजचं नाही. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच वर्षी नियोजन आयोगाने कार्यक्रम मूल्यमापन संघटना उभी केली. काम करणाऱ्या खात्याने स्वतःच स्वतःला गुण देऊ नयेत, हा त्यामागचा विचार चांगलाच होता. (ही संघटना २०१५ मध्ये नीती आयोगाच्या विकास संनियंत्रण व मूल्यमापन कार्यालयात विलीन झाली.) पण ज्यांच्या कामाविषयी अहवाल लिहिला जाई, त्यांच्याकडे तो परत येण्याची वाट त्या रचनेत जवळपास नव्हतीच. अहवाल वर जाई, आणि खाली ‘साहेब पाहणीला येऊन गेले’ एवढीच आठवण उरे.

कोकणाला मोजणीची खरी ओळख झाली ती १९९० नंतर, रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेमुळे. कातळावर खड्डे पडले, आंबा-काजूची कलमं लागली आणि हेक्टरांचे आकडे तयार झाले. मात्र कलम जगलं का, हे दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे गेल्याशिवाय कळत नाही. हापूसचं उत्पन्न हातात यायला तर पाच-सहा वर्षं लागतात. खड्डे मोजणारा आणि फळ मोजणारा असे दोन वेगळे तपासनीस असू शकतात, हे इथल्या शेतकऱ्याला पुस्तकाविना समजलेलं आहे.

बाहेर या विषयावर बराच विचार चालू होता. ब्रिटिश अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ मध्ये ‘ग्रामीण विकास पर्यटना’वर बोट ठेवलं : पाहुणे डांबरी रस्त्यालगतची गावं बघतात, कोरड्या हंगामात येतात आणि प्रकल्प जिथे आहे तिथेच थांबतात. कोकणात हे शब्दशः लागू पडतं. साकव ओलांडून जावं लागणारी वाडी जुलैत कशी असते, हे मार्चच्या पाहुण्याला कळणं अवघड. पुढे गावकऱ्यांनीच जमिनीवर नकाशा काढायचा, रांगोळी नि खडे वापरून आपला हंगाम मांडायचा, अशा सहभागी पद्धती रुजल्या. त्याआधीपासूनच अमेरिकेत मायकल क्विन पॅटन यांच्यासारखे अभ्यासक म्हणत होते की ज्याचा कुणी उपयोग करत नाही ते मूल्यांकन कितीही शास्त्रशुद्ध असलं तरी फुकट. उपयोग व्हायचा तर वापरणाऱ्याचा विश्वास हवा. मूल्यांकन करणारा सल्लागार आणि काम करणारी संस्था यांचं नातं हा तोवर शिष्टाचाराचा भाग होता, तो इथून पद्धतीचा भाग झाला.

मग कायदा आला. कंपनी कायदा, २०१३ चं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं आणि ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणं भाग पडलं. जानेवारी २०२१ च्या दुरुस्तीने पुढचं पाऊल टाकलं : ज्यांची सरासरी सीएसआर जबाबदारी १० कोटी किंवा त्याहून जास्त, त्यांनी १ कोटी आणि त्यावरच्या प्रकल्पांचं प्रभाव मूल्यांकन बाहेरच्या स्वतंत्र सल्लागाराकडून करून घ्यायचं, तेही प्रकल्प संपून किमान एक वर्ष झाल्यावर. एक वर्ष! आंब्याच्या कलमाला विचारा.

या नियमाने सल्लागारांचा धंदा वाढवला आणि एक तिढाही घातला. पैसे देते कंपनी. तपासलं जातं संस्थेचं काम. घरं उघडून दाखवते वाडी. मग क्लायंट कोण? करारात उत्तर सोपं आहे, पण करार वाडीत वाचला जात नाही. संस्थेला भीती असते की एक वाईट ओळ आणि पुढच्या वर्षीचा निधी गेला. म्हणून ती चांगली बाग दाखवते, चालू असलेला पंप दाखवते, बोलक्या बाईला पुढे करते. याला लबाडी म्हणणं मला पटत नाही. ज्याच्या हातात आपलं पुढचं वर्ष आहे त्याच्यापुढे कुणीही घर झाडूनच ठेवतो.

बंद घरांचंच घ्या. चाकरमानी मुंबईत, दाराला कुलूप. पाहणीत ते घर ‘प्रतिसाद नाही’ म्हणून जातं आणि त्या कुटुंबाला मिळालेली टाकी ‘वापरात नाही’ ठरते. गणपतीत त्याच घरात पंधरा माणसं असतात. हे संस्थेला पक्कं ठाऊक असतं, पण ती सांगेल केव्हा? तिला आधी कुणी विचारलं तर. वरून बघणाऱ्याला किती दिसतं याची एक गंमत : २०१६ च्या ग्रामीण स्वच्छ सर्वेक्षणात सिंधुदुर्ग जिल्हा देशात पहिला आला, तो मैदानी जिल्ह्यांच्या गटात. आंबोलीचा घाट चढलेल्यांनी यावर हसून घ्यावं.

म्हणून सल्लागाराने संस्थेशी आपुलकीने वागायला हवं, पण आपुलकी म्हणजे गोड अहवाल असा अर्थ लावला की सगळं फसतं. कंपनीलाही तो नको असतो, निदान शहाण्या कंपनीला. जुनेजाणते सल्लागार वेगळ्या गोष्टी करतात. पहिल्या भेटीत प्रश्नावली काढत नाहीत. काय बिघडलं हे संस्थेने स्वतः सांगावं म्हणून वाट बघतात. तारखा ठरवताना शिमगा, आंबा, जूनपासूनची मासेमारी बंदी आणि लावणी यांची यादी कंपनीपुढे ठेवतात. कच्चा अहवाल कंपनीकडे जाण्याआधी संस्थेला मराठीतून दाखवतात. चुकीची माहिती असेल तर दुरुस्त करतात. न पटलेला निष्कर्ष मात्र पुसत नाहीत, त्याशेजारी संस्थेचं म्हणणं छापतात. मालवण-कुडाळकडे बायका हे सरळ मागतात : ‘काय लिवलास ता आदी आमका वाचून दाखवा.’

२०२१ च्या नियमात मूल्यांकनाचा खर्च सीएसआर खर्चाच्या ५ टक्के किंवा ५० लाख, यांतलं जे कमी त्यापुरताच सीएसआरमध्ये धरता येत असे. सप्टेंबर २०२२ मध्ये तो २ टक्के किंवा ५० लाख, यांतलं जे जास्त तिथपर्यंत नेला गेला. त्यामुळे थोडी सवड झाली. तरी अहवाल घेऊन परत वाडीत जायचे, तो वाचून दाखवायचे दोन दिवस अंदाजपत्रकात क्वचितच दिसतात. ते बहुधा ‘प्रवासखर्च’ या रकान्यात बसवावे लागतात.