स्कूल बस, सीट बेल्ट आणि अर्ध्या मीटरचे गणित

जून महिन्यात शाळा सुरू होऊ लागल्या की सोलापुरात स्कूल बसच्या तपासणीची चर्चा सुरू होते आणि पालकांच्या बोलण्यात हमखास एक प्रश्न येतो : मोटारीत मागे बसणाऱ्यालाही सीट बेल्ट लावावा लागतो, मग चाळीस मुले नेणाऱ्या बसला तो का नको? सप्टेंबर 2022 मध्ये पालघर जिल्ह्यातील अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, त्या वेळी ते मागच्या आसनावर पट्टा न लावता बसले होते. तेव्हापासून या प्रश्नाला अधिक धार आली आहे. त्यावर दोन ठरावीक उत्तरे ऐकू येतात. "एवढ्या मोठ्या बसला काय होणार?" हे एक आणि "पट्टा लावला की मूल सुरक्षित" हे दुसरे. दोन्ही अर्धवट आहेत.

आधी थोडे शालेय गणित करू. बस ताशी 40 किलोमीटर वेगाने जात असेल, तर आतले मूलही सेकंदाला सुमारे 11 मीटर या वेगाने पुढे जात असते. बस एकाएकी थांबली तरी जडत्वामुळे मूल त्याच वेगाने पुढे जात राहते आणि कशाला तरी धडकून थांबते. थांबताना होणारी इजा मुख्यतः किती अंतरात थांबलो यावर ठरते. पुढच्या आसनाच्या उघड्या लोखंडी दांड्यावर आपटून 25 किलो वजनाचे मूल 5 सेंटिमीटरमध्ये थांबले, तर त्याच्यावर सरासरी सुमारे 31 हजार न्यूटन, म्हणजे तीन टनांहून अधिक वजनाइतके बल येते. तेच मूल अर्ध्या मीटरमध्ये थांबले, तर हे बल दहापटीने कमी होऊन सुमारे 3,100 न्यूटन होते. वेग तोच आणि मूलही तेच असते, बदलते ते केवळ अंतर. मुले बाक घट्ट धरून बसली की भागते, असे मानणाऱ्यांनी हा दुसरा, सौम्य आकडाही पाहावा : तो तीनशे किलोंहून अधिक वजनाइतका आहे आणि एवढा जोर कोणाच्याही मनगटात नसतो.

मोठ्या बसचा फायदा खराच आहे, पण तो समोर काय आहे यावर अवलंबून असतो. दहा टनांची बस आणि एक टनाची मोटार प्रत्येकी ताशी 40 किलोमीटर वेगाने समोरासमोर धडकून एकत्र अडकल्या, तर संवेगाच्या नियमानुसार बसचा वेग ताशी 7 किलोमीटरने बदलतो आणि मोटारीचा जवळपास 73 ने. मात्र गाळपाच्या हंगामात आपल्या जिल्ह्याच्या रस्त्यांवर दिवे नसलेल्या, उसाने खच्चून भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात. त्यांच्यावर, पुलाच्या कठड्यावर किंवा मोठ्या झाडावर आदळताना बसचे वजन असे कामी येत नाही.

अमेरिकेने या प्रश्नाचे उत्तर पट्ट्याऐवजी आसनात शोधले. तेथे 1 एप्रिल 1977 पासून लागू झालेल्या मानकानुसार स्कूल बसची आसने जवळजवळ आणि उंच पाठीची असतात, त्या पाठींना जाड गादी असते आणि धडक बसली की पाठ ठरावीक मर्यादेत वाकते. मागचे मूल तिच्यावर आदळते आणि पाठ वाकत वाकत त्याला थांबवते, म्हणजे अर्ध्या मीटरची सोय आसनच करते. समोरच्या धडकेत ही युक्ती चांगली चालते. बाजूने धडक बसली किंवा बस उलटली तर ती अपुरी पडते, कारण मूल त्या दोन आसनांच्या मधल्या जागेतून बाहेर फेकले जाते. म्हणूनच 4,536 किलोपर्यंतच्या लहान स्कूल बसना तेथे तीन-बिंदू पट्टे, म्हणजे कंबर आणि खांदा दोन्ही धरणारे पट्टे, सक्तीचे आहेत आणि मोठ्या बसबाबत काही राज्यांनी स्वतंत्र कायदे केले आहेत.

आता पट्ट्याकडे वळू. 1959 मध्ये व्होल्वोच्या मोटारींत आलेला, नील्स बोलिन यांनी घडवलेला तीन-बिंदू पट्टा हे विणकामाच्या गावाने कौतुकाने पाहावे असे कापड आहे. त्यात ताण्याचे, म्हणजे लांबीच्या दिशेचे, शेकडो पॉलिएस्टर धागे सगळा भार घेतात आणि बाण्याचे, म्हणजे आडवे, धागे त्यांना जागेवर धरून ठेवतात. भार आला की आधी विणीतली वळणे सरळ होतात, मग प्रत्येक धाग्यातल्या रेणूंच्या साखळ्या ताणल्या जातात. अमेरिकी मानकात छातीवरचा पट्टा 11,120 न्यूटन भाराखाली 40 टक्क्यांपर्यंत लांबलेला चालतो, मात्र 17,793 न्यूटनच्या आत तो तुटता कामा नये. लांबण्याची ही मुभा जाणूनबुजून दिलेली आहे, कारण थांबण्याचे अंतर तिच्यातूनही मिळते. आरंभी वापरले जाणारे नायलॉन मागे पडून पॉलिएस्टर आले, त्यामागेही असेच कारण आहे : नायलॉन जास्त लवचिक असल्याने ताणून पुन्हा आकसताना प्रवाशाला मागे फेकण्याची त्याची प्रवृत्ती अधिक असते. ताणलेला पट्टा शोषलेली ऊर्जा जितकी कमी परत करेल तितका तो चांगला. मोठा अपघात सोसलेला पट्टा दिसायला धडधाकट असला तरी बदलावा लागतो, कारण त्याची ताणली जाण्याची क्षमता एकदा खर्च झालेली असते.

पट्टा गुंडाळणाऱ्या पेटीत पोलादी गोळी एका खोलगट वाटीत बसवलेली असते. वाहनाचा वेग झपाट्याने कमी झाला, की ही गोळी जडत्वाने वाटीची कड चढते, वरची तरफ उचलते आणि तरफेचे टोक दात्यांच्या चाकात अडकून पट्टा जागीच पकडला जातो. जे जडत्व मुलाला पुढे फेकते, त्याच जडत्वाने पट्टा अडकतो. या यंत्रणेला वीज लागत नाही, संगणक लागत नाही आणि बसच्या दर्शनी काचेवर टांगलेल्या लिंबू-मिरचीची मदतही लागत नाही.

केवळ कमरेचा पट्टा मात्र फसवा आहे. 1984 मध्ये कॅनडाने केलेल्या धडक चाचण्यांत असा पट्टा लावलेल्या बाहुल्यांच्या डोक्याला समोरच्या धडकेत अधिक धोका आढळला, कारण कंबर अडकून राहते आणि वरचे शरीर झुलत पुढच्या आसनावर डोके आपटते. शिवाय लहान मुलांच्या कटिअस्थीची, म्हणजे कमरेच्या हाडाची, वरची कड पुरेशी वाढलेली नसल्याने पट्टा त्यांच्या पोटावर सरकतो आणि आतडी व कण्याला इजा होते. "सर्व आसनांना बेल्ट, जीपीएस आणि कॅमेरे" अशी जाहिरात वाचताना तो पट्टा कोणता, हे म्हणूनच विचारावे. कॅमेरा अपघाताचे चित्रण करतो, अपघातात मुलाला थांबवत नाही.

2019 च्या दुरुस्तीनंतर आपल्या मोटार वाहन कायद्यात कलम 194ब आले. चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालसुरक्षा आसनाशिवाय नेल्यास त्यानुसार 1,000 रुपये दंड होऊ शकतो. पण दंडाचे कलम आसनाचा सांगाडा मजबूत करत नाही. एका आसनावर तीन मुले बसली, तर त्यांच्या पट्ट्यांतून धडकेच्या क्षणी, वरच्या अर्ध्या मीटरच्या हिशेबानेही, सुमारे 9,300 न्यूटन बल त्या सांगाड्यावर, तिथून बोल्टवर आणि शेवटी बसच्या तळावर येते. नंतर पट्टे लावून घेतलेल्या जुन्या बसची पाहणी करायची असेल तर शालेय परिवहन समितीने बकलांबरोबर आसनांच्या खालची बाजूही पाहावी. आसन नुसते पत्र्याला किंवा प्लायवूडला स्क्रूने बसवलेले असेल, तर धडकेत पट्टा शाबूत राहील आणि मुले आसनासकट पुढे जातील.