पर्यावरणीय प्रदूषके आणि कर्करोग

हवा, पाणी, माती आणि रोजच्या वापरातील वस्तू यांतून शरीरात जाणारी काही द्रव्ये कर्कजनक, म्हणजे कर्करोग घडवणारी असतात. या संबंधाची पहिली ठळक नोंद काजळीची आहे. लंडनमध्ये अरुंद धुराडी साफ करायला लहान मुले अंग घासत आत चढत आणि काजळी त्यांच्या कातडीच्या घड्यांत साचून राही. यांपैकी अनेकांना पुढे वृषणकोशाच्या त्वचेचा कर्करोग होतो, हे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये मांडले. १९१५ मध्ये यामागिवा व इचिकावा या जपानी संशोधकांनी सशांच्या कानांना महिनोन्‌महिने डांबर चोळून कर्करोग घडवून दाखवला. डांबरातले बेंझोपायरीन हे कर्कजनक द्रव्य १९३३ मध्ये वेगळे काढण्यात आले. सिगारेट, डिझेल आणि लाकूड यांच्या धुरातही ते असते.

कर्करोग वाढतो आहे का, याचे उत्तर काय मोजतो यावर ठरते. २०१२ मध्ये जगात सुमारे १ कोटी ४० लाख नवे रुग्ण आढळले. २०२२ मध्ये सुमारे २ कोटी. मात्र लोकसंख्या वाढली आहे आणि माणसे अधिक जगू लागली आहेत. कर्करोग मुख्यतः उतारवयाचा आजार असल्याने वयाचा फरक वजा करून काढलेला दर पाहावा लागतो, आणि तो सरसकट चढता नाही. जठराचा कर्करोग बहुतेक देशांत अनेक दशके घटत आला आहे. दक्षिण कोरियात १९९३ ते २०११ या काळात थायरॉइडच्या कर्करोगाचे निदान सुमारे १५ पट झाले, पण त्याने होणारे मृत्यू जवळपास तेवढेच राहिले. वाढली होती ती सोनोग्राफी. उलट पन्नाशीच्या आतल्या लोकांत मोठ्या आतड्याचा कर्करोग अनेक देशांत खरोखर वाढतो आहे, आणि ते केवळ तपासण्यांचे फळ नव्हे.

फ्रान्समधील लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बाहेरच्या हवेच्या प्रदूषणाला २०१३ मध्ये पहिल्या गटात, म्हणजे माणसात निश्चित कर्कजनक ठरलेल्या गोष्टींच्या गटात घातले. बेंझिन, ॲस्बेस्टॉस, आर्सेनिक, रेडॉन वायू आणि तंबाखूही याच गटात आहेत. हा गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही. बातम्यांत नेमकी इथेच गल्लत होते. तंबाखूचा वाटा आजही प्रदूषणाहून कितीतरी मोठा आहे.

पीएम २.५ हे धूलिकण केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाहूनही बारीक असतात आणि थेट फुप्फुसांतल्या वायुकोशांपर्यंत पोचतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार ते नवे जनुकीय बदल घडवण्यापेक्षा आधीच बदललेल्या, पण निपचित असलेल्या पेशींना दाहामार्फत जागे करतात. धूम्रपान न करणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग का होतो, याचा एक दुवा त्यातून मिळाला.

संपर्क आणि रोग यांत मोठे अंतर असते. ॲस्बेस्टॉसच्या बाबतीत ते बहुधा २० ते ४० वर्षांचे. चिलीतील आंतोफागास्ता शहराला १९५८ पासून नदीचे जे पाणी पुरवले जाई, त्यात लिटरमागे ८०० मायक्रोग्रॅमहून अधिक आर्सेनिक होते. जागतिक आरोग्य संघटनेची आजची मर्यादा १० आहे. १९७० च्या सुमारास शुद्धीकरण सुरू झाले आणि आर्सेनिक झपाट्याने उतरले. फुप्फुस व मूत्राशयाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू मात्र त्यानंतरही वीसेक वर्षे चढतच राहिले.