अकरा पॉइंट एकचा बोल्ट

मागच्या हिवाळ्यात रामटेकहून घरी येताना आमच्या अम्बॅसेडरच्या मागच्या डाव्या बाजूने प्रत्येक स्पीडब्रेकरला टक्क असा आवाज यायला लागला आणि बाबा शेजारून म्हणाले, पाटा तुटला वाटते रे. पाटा, म्हणजे मागच्या चाकावरची लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग, शाबूत होता. पण पाट्याच्या पुढच्या टोकाला जो गोल डोळा असतो, त्यात रबरी बुश, म्हणजे धक्का झेलणारं रबराचं कडं, आणि त्यातून आरपार जाणारा बोल्ट, तो बोल्टच हाताने हलत होता. काढून पाहिला तर मधोमध घासून कंबर झालेली आणि भोवती कुंकवासारखी लालसर भुकटी. जिथे दोन लोखंडं एकमेकांवर अगदी बारीक-बारीक घासतात तिथे अशी भुकटी तयार होते. म्हणजे जो जोड हलायलाच नको होता तो बरेच महिने हलत होता, आवाज आम्हाला आत्ता ऐकू आला एवढंच.

आता बोल्टच तर आहे, नागपूरच्या इतवारीत लोहा ओळीत गेलो की दहा मिनिटांत मिळेल, असं वाटलं. जुना बोल्ट काउंटरवर ठेवला, दुकानदाराने डोळ्यानेच मापला आणि म्हणाला, "भाऊ, बारा एमएमचा टाकून द्या ना, होल थोडं मोठं करून घ्या. काय फरक पडून राह्यला?"

फरक किती पडतो ते कळायला मला घरी जाऊन व्हर्नियर लावावा लागला. जाडी अकरा पॉइंट एक. दहा नाही, बारा नाही. अकरा पॉइंट एक म्हणजे ७/१६ इंच, आणि पिच गेज लावलं तर इंचाला २० आटे, म्हणजे यूएनएफ (युनिफाइड फाइन, बारीक इंची आटा). याच्यामागे इतिहास आहे थोडा. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांचे नट अमेरिकन बोल्टवर बसत नव्हते, इंग्रजांच्या व्हिटवर्थ आट्याचा कोन ५५ अंश आणि अमेरिकनांचा ६०, त्यामुळे स्पेअर पार्टचा सगळा घोळ. मग १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने मिळून एकच इंची आटा ठरवला. अम्बॅसेडर मुळात मॉरिस ऑक्सफर्ड, ती गाडी १९५० च्या दशकातली, तेव्हा तो आटा सोबत बंगालमधल्या उत्तरपाऱ्याच्या कारखान्यात आला आणि आपल्याकडे बाकी सगळं मेट्रिक झालं तरी माझ्या गाडीच्या पाट्यात तसाच बसून आहे.

सगळ्यात मोठा धोका इथेच आहे, नीट वाचा. बारा एमएमचा बारीक आट्याचा बोल्ट घ्या, त्याचे आटे १.२५ मिमीवर एक. अर्ध्या इंचाचा यूएनएफ नट घ्या, त्याचे आटे १.२७ मिमीवर एक. हा नट त्या बोल्टवर छान गरगर फिरत जातो! माणसाला वाटतं बसला. पण बोल्ट नटापेक्षा ०.७ मिमीने बारीक आहे, आटे एकमेकांत अर्धेसुद्धा अडकलेले नाहीत, आणि जोर लावला की आटे सोलून निघतात, तेही तुम्ही सुदैवी असाल तर पाना हातात असतानाच. नाही तर खड्ड्यात.

बरं, मग होल मोठं करून बारा एमएम का नको? कारण बुशच्या आत लोखंडी नळी असते आणि तिचं भोक अकरा पॉइंट एकच्याच हिशोबाचं असतं, ती नळी ड्रिल केली की भिंत पातळ होते. आणि दहाचा टाकला तर एक मिमीचा खेळ राहतो, शिवाय बोल्टची ताकदच कमी, ताण घेणारं क्षेत्रफळ ७/१६ ला साधारण ७६ चौरस मिमी आणि दहाच्या बारीक आट्याला ६१.

पण खरी गंमत मला नंतर कळली. मी इतके दिवस समजत होतो की बोल्ट म्हणजे खिळा, भोकात बसून वजन झेलतो. तसं नाहीये. बोल्ट म्हणजे एक फार कडक स्प्रिंग आहे. नट आवळला की बोल्ट ताणला जातो, माझ्या बोल्टच्या लांबीला साधारण मिलिमीटरचा सातवा-आठवा हिस्सा, आणि तो परत आखडायचा प्रयत्न करतो म्हणून ब्रॅकेटच्या, म्हणजे पाटा गाडीला धरून ठेवणाऱ्या लोखंडी पकडीच्या, दोन बाजू बुशच्या नळीला चिमट्यासारख्या दाबून धरतात. या दाबामुळे जे घर्षण तयार होतं तेच चाकाकडून येणारा धक्का झेलतं. ग्रेड ५ च्या ७/१६ बोल्टला नीट आवळलं तर हा दाब साधारण ३.४ टन होतो. म्हणजे तीन अम्बॅसेडर एकावर एक ठेवल्यासारखं, बोटाएवढ्या लोखंडात! दाब असेपर्यंत बोल्टवर आडवा मार बसतच नाही. दाब गेला की तो खिळा होतो, आणि खिळा झाला की कंबर पडते.

म्हणून ग्रेड महत्त्वाचा. मेट्रिक बोल्टच्या डोक्यावर ८.८ लिहिलेलं असतं ना, त्यातला पहिला ८ म्हणजे तुटायची ताकद ८०० मेगापास्कल, आणि पॉइंटनंतरचा ८ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांवर, ६४० ला, तो कायमचा लांबायला लागतो. इंची बोल्टवर आकडा नसतो, रेघा असतात, तीन रेघा म्हणजे ग्रेड ५ (८.८ च्या जवळपास) आणि सहा रेघा म्हणजे ग्रेड ८. डोकं कोरं असेल तर साधा एमएस (माइल्ड स्टील, मऊ पोलाद) बोल्ट समजा, तो गेटला लावा, पाट्याला नको. लेथवाल्याकडून बनवून घेतो म्हणणारेही भेटतात, पण साधं लोखंड खरादून आणि आटे कापून ती ताकद येत नाही, कारखान्यात आटे दाबून रोल केलेले असतात आणि बोल्टला हीट ट्रीटमेंट दिलेली असते.

स्टेनलेसचा मोह मलाही झाला होता, खोटं कशाला बोलू. चमकतो, गंजत नाही. पण बाजारात मिळणारा ए२-७० स्टेनलेस ४५० मेगापास्कललाच लांबायला लागतो, आणि वर स्टेनलेसवर स्टेनलेसचा नट आवळला तर आटे एकमेकांना चिकटून जाम होतात. आरशाचा स्क्रू ठीक आहे, सस्पेन्शनला नाही.

मग काही जण उलट टोकाला जातात, १२.९ ग्रेडचाच टाकतो म्हणतात. जास्त कडक म्हणजे जास्त चांगलं असं नसतं हो. इतक्या कडक पोलादावर झिंक प्लेटिंग करताना हायड्रोजन आत शिरू शकतो, आणि मग बोल्ट आवळताना काही होत नाही, दोन-चार दिवसांनी आपोआप टचकन तुटतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजच्या नव्या भागात मार्च २०१३ मध्ये गॅल्व्हनाइज्ड ९६ रॉड ताणले, त्यातले ३२ काही दिवसांत तुटले, कारण पोलादात शिरलेला हायड्रोजनच. मूळ गाडीत जो ग्रेड होता तोच शोधा.

शोधायचा कुठे? मला उत्तर भंडारा रोडवर ट्रॅक्टरच्या पार्टच्या दुकानात मिळालं. जुन्या मॅसी फर्ग्युसनला आणि विलिज जीपलाही इंचीच आटे, आणि विदर्भात असे ट्रॅक्टर अजून शेतात चालूनच राहिलेत, त्यामुळे काउंटरवरच्या काकांनी न विचारताच सांगितलं, "सेवन सिक्सटीन फाइन पाहिजे ना?" मी तर त्यांच्या पायाच पडणार होतो.

तिथेही एक चूक होता-होता वाचली. बोल्टचा बिनआट्याचा गुळगुळीत भाग मोजायचा मी विसरलो होतो. तो कमी पडला तर ब्रॅकेटच्या भोकात आटे येतात, आटे म्हणजे खाचा, आणि खाचेपासूनच चीर सुरू होते. जास्त झाला तर नट त्या गुळगुळीत भागावर जाऊन अडतो, पाना कडक लागतो, आपण खूश, आणि आत दाब शून्य. मग मी एक माप जास्त लांब बोल्ट घेतला ज्याचा गुळगुळीत भाग बरोबर होता आणि वाढीव आटे हॅक्सॉने कापले.

स्प्रिंग वॉशर टाकला नाही. गेरहार्ड युंकर नावाच्या जर्मन इंजिनिअरने १९६९ मध्ये दाखवून दिलं की नट सैल होतो तो आडव्या हादऱ्यांनी, आणि अशा हादऱ्यांपुढे स्प्रिंग वॉशरचा काही उपयोग होत नाही. त्याऐवजी नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला) घेतला, नवा, कारण एकदा वापरलेल्या नायलॉनची पकड कमी होते. आणि आट्यांना ग्रीस चोपडलं नाही, ते चोपडलं तर घर्षण कमी होऊन त्याच टॉर्कला, म्हणजे पान्याच्या तेवढ्याच पिळाला, बोल्ट जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने जास्त ताणला जातो.

शेवटी आवळताना. मागच्या वेळी एका गॅरेजमध्ये गाडी जॅकवर असतानाच, चाक लटकलेलं असतानाच बोल्ट पूर्ण आवळला होता. बुशची आतली नळी तेव्हा पक्की होते, मग गाडी खाली उतरली की पाटा सरळ होतो आणि रबर कायमचं पिळलेलं राहतं, ते वर्षभरात फाटतं. मला वाटतं सगळ्या टक-टकीची सुरुवात तिथूनच झाली. यावेळी नट हाताने बसवला, गाडी जमिनीवर घेतली, बाबांना मागच्या सीटवर बसवलं (ते म्हणाले, मी काय पोतं आहे काय?) आणि मी खाली चटई टाकून टॉर्क रेंचने ७५ न्यूटन-मीटर लावले. नट आणि ब्रॅकेटवर पांढऱ्या मार्करने एक सरळ रेघ ओढून ठेवली.

पाचशे किलोमीटर झाल्यावर परत खाली वाकून पाहिलं. चिखल पुसला, रेघ सरळच होती.