हवा विरळ झाली, जेट तेवढाच राहिला

लेहमध्ये सुरेख ट्यून केलेली टू-स्ट्रोक डर्ट बाइक तशीच मैदानी प्रदेशात आणून फुल थ्रॉटल दिला, तर पिस्टन सीझ होऊ शकतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसू शकतो. उलट मैदानातली गाडी लेहला नेली तर ती अडखळेल, धूर काढेल, स्पार्क प्लग काळा करेल; इंजिन मात्र शाबूत राहील.

हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणाऱ्या कार्ब्युरेटरला हवेचं वजन कळत नाही, तिची ओढ तेवढी कळते. अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाताना तिथला दाब उतरतो आणि फ्लोट बाउल या छोट्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून, म्हणजे बारीक भोकाच्या पितळी तुकड्यातून, वर खेचलं जातं. महाबळेश्वरला, सुमारे 1,350 मीटरवर, हवा समुद्रसपाटीपेक्षा 12 टक्के विरळ. लेहला, 3,500 मीटरवर, 30 टक्के. पेट्रोल मात्र तेवढं घटत नाही, कारण त्याचा प्रवाह घनतेच्या वर्गमुळानुसार कमी होतो. परिणामी मिश्रण महाबळेश्वरला सहा-सात टक्के रिच (पेट्रोल जास्त) होतं, लेहला जवळपास 20 टक्के. घाट न चढताही हा खेळ चालतो: 10 अंशांच्या पहाटे हवा 40 अंशांच्या दुपारपेक्षा दहा टक्के दाट असते. मेमधल्या दुपारी नेमकं जमवलेलं जेटिंग, म्हणजे जेटची निवड, डिसेंबरच्या सकाळी लीन (पेट्रोल कमी) निघतं ते यामुळे.

केहिन कंपनीच्या कार्ब्युरेटरमधल्या मेन (मुख्य) जेटवर 160 लिहिलं असेल तर भोक ढोबळमानाने 1.60 मिलिमीटरचं. 155 चा जेट लावला की व्यासात फरक फक्त 0.05 मिलिमीटरचा, पण भोकाचं क्षेत्रफळ सहा टक्क्यांनी घटतं. म्हणजे महाबळेश्वरचा हिशोब जवळजवळ मिटला! म्हणूनच स्टीलच्या तारेने जेट साफ करणाऱ्या मेकॅनिकला माझा दुरूनच नमस्कार. पितळ मऊ असतं. भोक मोठं होतं, आकडा तोच राहतो.

अशा टू-स्ट्रोक डर्ट बाइकमध्ये बहुधा ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. क्रँकची बेअरिंगं आणि पिस्टन यांना वंगण मिळतं ते त्यातूनच. मिश्रण लीन झालं की पेट्रोलबरोबर ऑइलही कमी पोचतं, पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला धरतो. मग घाबरून लोक 40:1 (40 भाग पेट्रोलला 1 भाग ऑइल) ऐवजी 20:1 ऑइल घालतात. जेटमधून जाणाऱ्या द्रवात आता पेट्रोलचा वाटा साडेसत्त्याण्णववरून पंचाण्णव टक्क्यांवर येतो, म्हणजे मिश्रण आणखी थोडं लीनच!

मेन जेटचं राज्य पाऊण थ्रॉटलच्या पुढे. अगदी कमी थ्रॉटलला छोटा पायलट जेट आणि हवा कमी-जास्त करणारा एअर स्क्रू, तर मधल्या मोठ्या पट्ट्यात निमुळती नीडल, म्हणजे पेट्रोलच्या वाटेत वर-खाली होणारी सुई. तिच्या खाचेत बसणारा लॉक एक खाच वर सरकवला की नीडल खाली बसते आणि मिश्रण लीन होतं. मातीत गाडी बहुतेक वेळ मधल्या थ्रॉटलवरच चालते, तरी माणसं मेन जेटच बदलत बसतात.

सुरुवात नेहमी रिच बाजूने करावी. फार रिच असताना इंजिन दर फेरीला पेटत नाही, एकआड पेटतं. आवाज फुटका, भरभरता येतो. याला फोर-स्ट्रोकिंग म्हणतात. इंजिनवर भार असताना तो आवाज जेमतेम साफ होईपर्यंत जेटचा एकेक नंबर उतरायचं. मग नवा प्लग लावून तिसऱ्या गिअरमध्ये फुल थ्रॉटलवर थोडं अंतर काढायचं, क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करायचं आणि प्लग काढून पाहायचा. प्लगच्या चिनीमातीच्या अगदी बुडाशी, टॉर्चशिवाय दिसत नाही तिथे, तपकिरी कडं हवं. चिनीमाती पांढरीफटक असून तिच्यावर चकाकणारे बारीक ठिपके दिसले, तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. गाडी ढकलत न्यावी.