क्रिप्टो जाहिरातींची पार्श्वभूमी : इशारा कुणाच्या भाषेत?

एप्रिल २०१७ मध्ये नवी मुंबईत एका 'नाण्या'ची प्रचारसभा सुरू असताना पोलिसांनी १८ जणांना अटक केली. क्रिप्टोच्या जाहिरातींसाठी तेव्हा देशात एकही वेगळा नियम नव्हता. फसवणुकीच्या कलमासोबत लावला गेला तो प्राइज चिट आणि मनी सर्क्युलेशन योजनांवर बंदी घालणारा १९७८ चा कायदा, म्हणजे दामदुप्पट आणि साखळी योजनांच्या काळातला. तो तंतोतंत लागू पडत होता. कागदावर तिथे नाणे विकले जातच नव्हते. विकले जात होते 'शैक्षणिक पॅकेज', आणि त्यासोबत टोकन, म्हणजे त्या नाण्याचे डिजिटल एकक, मिळत. नाण्याचा भाव कंपनी स्वतःच्याच संकेतस्थळावर स्वतःच लिहीत असे. मागे खरी ब्लॉकचेन, म्हणजे व्यवहारांची कुणालाही परस्पर बदलता न येणारी सामायिक वही, नव्हती, हे पुढे परदेशातल्या खटल्यांत उघड झाले. संस्थापिका त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून बेपत्ता आहे.

पुढच्या वर्षी, २०१८ मध्ये, पुण्यात दरमहा १० टक्के प्रमाणे १८ महिने परतावा देऊ करणाऱ्या बिटकॉइन योजनेवर गुन्हे दाखल झाले. त्यात बिटकॉइन घेऊन नंतर गुंतवणूकदारांच्या हाती योजनेने स्वतःच काढलेले दुसरे नाणे ठेवले गेले. ठाणे पोलिसांनीही त्याच वर्षी एका देशी नाण्याचे प्रकरण हाती घेतले. तिन्ही ठिकाणी विक्रीची रीत ओळखीची होती : भाड्याचे सभागृह, पडद्यावर वर जाणारा आलेख, मंचावर 'अपलाइन'चा, म्हणजे साखळीत वरच्या पायरीवर असलेल्याचा, सत्कार, आणि 'आजचा भाव उद्या मिळणार नाही' म्हणत त्याच बैठकीत भरून घेतलेला फॉर्म.

ही रीत क्रिप्टोहून जुनी आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४६ मध्ये संत्र्याच्या बागेचे तुकडे विकणाऱ्या व्यवहाराला रोखे ठरवले, कारण घेणारा बाग कसणार नव्हता. दुसऱ्याच्या कष्टावर नफा मिळेल म्हणून पैसे देत होता. हीच कसोटी तिथल्या नियामकाने २०१७ मध्ये टोकनला लावली. आपल्याकडे नव्वदच्या दशकात सागवान लागवडीच्या योजनांनी हेच केले आणि १९९९ मध्ये सामूहिक गुंतवणूक योजनांचे नियम आले.

क्रिप्टोच्या प्रचाराला खरा रंग चढला तो सरकारी निर्णयांमुळे, आणि हे सर्वांत क्लेशदायक आहे. मध्यवर्ती बँकेने डिसेंबर २०१३ मध्ये पहिला इशारा दिला आणि एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितले. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. आधार होता प्रमाणबद्धतेचा : बँकांचे नुकसान झाल्याचे दाखवता आले नव्हते, म्हणून इतका कठोर उपाय टिकला नाही. या क्षेत्रावर नियंत्रण ठेवण्याचा मध्यवर्ती बँकेचा अधिकार न्यायालयाने मान्यच केला होता. विक्रीच्या भाषणात मात्र एवढेच उरले : 'सुप्रीम कोर्टाने कायदेशीर केले.' फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पात नफ्यावर ३० टक्के कर आला, तेव्हा वाक्य झाले 'सरकार कर घेते, म्हणजे मान्यता आहे.' मार्च २०२३ मध्ये एक्स्चेंजना, म्हणजे नाण्यांची खरेदी-विक्री करून देणाऱ्या मंचांना, मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आणले गेले आणि नोंदणी क्रमांक 'सरकारमान्य'च्या शिक्क्यासारखा मिरवला जाऊ लागला. ती नोंदणी संशयास्पद व्यवहार कळवण्यासाठी आहे. नाणे चांगले की वाईट, हे ती पाहत नाही.

कराबद्दल मात्र प्रचारात मौन असते. एका नाण्यात ५०,००० रुपये नफा आणि दुसऱ्यात ५०,००० तोटा झाला, तर हाती शून्य येते. तरी ५०,००० वर ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर असे १५,६०० रुपये भरावे लागतात. तोटा नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. शिवाय विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस आहे. 'रोज थोडे थोडे ट्रेडिंग करा' असे शिकवणाऱ्याने हे सांगितले नाही, तर ती माहिती दडवणेच आहे.

२०२१ च्या दिवाळीच्या आसपास, टी-२० विश्वचषकाच्या दिवसांत, टीव्हीवर आणि वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांवर क्रिप्टोच्या जाहिरातींचा पूर आला. त्यानंतर २३ फेब्रुवारी २०२२ रोजी जाहिरात क्षेत्राच्या स्वनियामक संस्थेने मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्या १ एप्रिलपासून लागू झाल्या. प्रत्येक जाहिरातीत ठरावीक इशारा असलाच पाहिजे. छापील जाहिरातीत तो खालच्या बाजूला, किमान एक पंचमांश जागेत. व्हिडिओत शेवटी, साध्या पार्श्वभूमीवर, किमान ५ सेकंद, आणि आवाज बोलण्याच्या नेहमीच्या वेगात. वेगाची ही अट म्युच्युअल फंडांच्या अनुभवातून सुचली असावी. तिथे धोक्याचे वाक्य भरधाव उरकले जात असे. हमखास नफ्याचा दावा करायचा नाही, अल्पवयीन मुले व्यवहार करताना दाखवायची नाहीत, १२ महिन्यांपेक्षा कमी काळाची कामगिरी सांगायची नाही, आणि झळकणाऱ्या कलाकार-खेळाडूने आधी स्वतः चौकशी केलेली असावी.

यातला सर्वांत वादाचा भाग शब्दांचा आहे. 'करन्सी', 'सिक्युरिटीज', 'कस्टोडियन' आणि 'डिपॉझिटरीज' हे चार शब्द जाहिरातीत वर्ज्य ठरले, कारण ऐकणाऱ्याच्या मनात ते नियमनाखालच्या उत्पादनांशी जोडलेले असतात. कारण रास्त आहे, पण यादी इंग्रजीतून विचार करून केलेली दिसते. 'कॉइन' तिच्यात नाही. मराठी माणसाला 'करन्सी'पेक्षा 'नाणे' कितीतरी जवळचे. नाणे म्हणजे खिशातला पैसा, खणखणीत, वाजवून घ्यायची वस्तू. ज्या शब्दाने विश्वास बसतो तोच शब्द मोकळा राहिला.

त्याहून मोठा गुंता इशाऱ्याच्या पहिल्याच वाक्यातल्या 'अनरेग्युलेटेड' (नियामकाच्या देखरेखीबाहेरचे) या शब्दाचा. इशारा जाहिरातीच्या मुख्य भाषेत हवा, असे सूचना सांगतात. मग मराठीत काय लिहायचे? 'अनियमित' लिहिले तर वाचणाऱ्याला उशिरा येणारी बस आठवते, किंवा लेखापरीक्षणातली 'अनियमितता', म्हणजे घोटाळा. 'अनियंत्रित' लिहिले तर आवरता न येणारी गर्दी डोळ्यांपुढे येते, नाहीतर सरकारने नियंत्रणमुक्त केलेली वस्तू, म्हणजे चक्क सवलत. 'अविनियमित' हा कायद्याच्या मराठीच्या जवळचा शब्द, पण तो दुकानात कुणी उच्चारत नाही. शिवाय २०१९ चा केंद्रीय कायदा 'अनरेग्युलेटेड' ठेव योजनांवर सरळ बंदी घालतो. तोच शब्द ठेवीच्या कायद्यात 'बंद' म्हणतो आणि क्रिप्टोच्या जाहिरातीत फक्त 'जपून'. फरक व्यवहारात आहे. नाणे बाजारभावाने विकणे-घेणे ही ठेव नाही. 'पैसे आमच्याकडे ठेवा, दरमहा इतके टक्के देऊ' म्हटले की मामला ठेवीच्या अंगणात येतो. हा फरक इशाऱ्याच्या वाक्यातून कुणालाही कळत नाही.

इशाऱ्याचे दुसरे वाक्य नुकसान झाल्यास 'रेग्युलेटरी रिकोर्स' नसू शकेल असे सांगते. त्याचे मराठी 'नियामक उपाय उपलब्ध नसू शकतात' असे केले, तर शब्द जुळतात आणि अर्थ हरवतो. 'या व्यवहारावर कोणत्याही नियामकाची देखरेख नाही. पैसे बुडाले तर त्याच्याकडे दाद मागता येईलच असे नाही,' हे एवढ्याच जागेत मावते आणि सत्तरीच्या आजीलाही समजते.

सूचनांची पोहोचही नीट पाहायला हवी. संस्था स्वेच्छेची आहे. केबल टीव्हीच्या नियमांमुळे तिची संहिता मोडणारी जाहिरात वाहिनीवर दाखवता येत नाही, म्हणून तिथे धाक आहे. वाशी किंवा कोपरखैरणेतल्या हॉलमधले भाषण, सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटातला फॉरवर्ड, टेलिग्रामवरचा 'सिग्नल' यांना तो धाक जवळपास नाही. ग्राहक संरक्षण कायद्याखालच्या जून २०२२ च्या सूचना याहून कडक आहेत : दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत, आणि शिफारस करणाऱ्यावर एक वर्षापर्यंत बंदी, पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत. प्राधिकरण स्वतःहूनही कारवाई करू शकते, पण हॉलमधल्या भाषणाची खबर त्याला कुणीतरी तक्रार केली तरच लागण्याची शक्यता.

कोणत्याच नियमाने नीट न पकडलेली गोष्ट म्हणजे आकड्यांची मांडणी. समजा एकूण १०० कोटी टोकन आहेत, बाजारात फक्त ५ कोटी, भाव २ रुपये. बाजारातल्या टोकनचे मूल्य १० कोटी, पण पत्रकावर छापतात २०० कोटी. आता खरेदी-विक्रीच्या पूलमध्ये, म्हणजे ज्या सामायिक साठ्यातून टोकनची अदलाबदल होते त्यात, १० लाख टोकन आणि २० लाख रुपयांइतके स्टेबलकॉइन (चलनाशी भाव बांधलेले नाणे) आहेत. प्रचार करणाऱ्या यूट्यूबरला मानधन म्हणून ५ लाख टोकन मिळालेले आहेत. कागदावर १० लाख रुपये. त्याने ते एकदम विकले तर पूलच्या गणिताप्रमाणे (दोन्ही साठ्यांचा गुणाकार कायम राहतो) त्याच्या हाती सुमारे ६.६७ लाख येतात आणि भाव २ रुपयांवरून ८९ पैशांवर उतरतो. त्याचा व्हिडिओ पाहून आदल्या दिवशी घेणाऱ्याचे निम्म्याहून जास्त पैसे गेले, आणि 'हॅक' वगैरे काही झालेले नाही. म्हणून 'हे सशुल्क आहे' एवढी पाटी पुरत नाही. मोबदला टोकनमध्ये किती, तो किती महिने विकता येणार नाही, आणि पूलमधली रक्कम किती काळ कुलूपबंद आहे, हे तिन्ही जाहिरातीतच हवे.

'दाद मागता येत नाही' हे वाक्य विक्रेते आता उलटे वापरतात : 'इशारा वाचून पैसे टाकलेत, आता पोलिसांत जाऊन उपयोग नाही.' हे खोटे आहे. नियामक नसणे वेगळे आणि गुन्हा नसणे वेगळे. महाराष्ट्राचा १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा ठेवीची व्याख्या रुंद करतो. रोख, वस्तू किंवा ठरलेली सेवा, कशाच्याही रूपात परत द्यायचे म्हणून घेतलेले पैसे तीत येऊ शकतात. ठाणे आणि नवी मुंबई, दोन्ही आयुक्तालयांत आर्थिक गुन्हे शाखा आहेत आणि ऑनलाइन पैसे गेले असतील तर आधी १९३० वर फोन करायचा. सोबत लागते ते बँकेचे किंवा यूपीआयचे विवरण, व्यवहाराचा हॅश (ब्लॉकचेनवरचा त्याचा ओळख क्रमांक) आणि वॉलेटचा पत्ता (नुसता स्क्रीनशॉट नको, मजकूर कॉपी करून), आणि गटातून बाहेर पडण्याआधी एक्स्पोर्ट केलेले चॅट. सभेचे पत्रक असेल तर ते सर्वांत वर ठेवायचे, कारण दरमहा किती टक्क्यांचा वायदा होता हे बहुतेक वेळा तिथेच छापलेले असते.